चौथ्या सिंहाचं तोंड

वर्ध्याच्या फलाटावर बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि भांगात काहीतरी गारगार लागलं. त्यांच्या बोटातलं अंगुस्तान होतं ते, सुई रुतू नये म्हणून शिंपी बोटाला घालतात ते पितळी टोपण. देवळीहून मला पोचवायला निघताना बाबा कामावरून तसेच उठले होते, काढायचं विसरले होते. गाडी हलली, बाबांनी हात वर केला आणि उन्हात ते टोपण चमकलं. माणूस लहान लहान होत गेला, टोपण मात्र बराच वेळ दिसत राहिलं. आमचे हे आत वळकटी सरकवत म्हणाले, बस आता, भोपाळ लांब आहे. मी बसले.

कमल, माझी धाकटी बहीण, स्टेशनवर आली नव्हती. दिवसाचा उजेड वाया कशाला घालवू, म्हणाली. त्या उजेडात तिला माझं काम करायचं होतं.

हे मी कमलसाठी लिहिते आहे. आणि नागपूरची राजधानी गेली तेव्हा कचेऱ्यांच्या फायलींबरोबर ज्यांचे संसारही ट्रंकेत भरून भोपाळला गेले, त्या माझ्यासारख्या बायांसाठीही. मी फार शिकलेली नाही. थोडी शाळा, बाकीचं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदावर. बोलते तसंच लिहिते, मधेच इकडची हिंदी येईल, तर सांभाळून घ्या.

आमचं घर शिंप्याचं, पण बाबांचं काम देवळीतल्या इतर शिंप्यांसारखं नव्हतं. त्यांचे वडील नागपुरात एका मुसलमान उस्तादाच्या हाताखाली कलाबतूचं काम शिकून आले होते. कलाबतू म्हणजे सोनेरी तार. लाकडाच्या चौकटीवर कापड ताणून बांधायचं, त्या चौकटीला कारचोब म्हणतात, आणि मग त्या कापडावर तार टाक्याटाक्यानं बसवत न्यायची. इंग्रजांच्या काळात जिल्ह्याच्या कचेरीतले चपराशी लाल बनातीचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे, कोट घालत आणि छातीवरून त्याच बनातीचा तिरपा पट्टा. त्या पट्ट्यावर मुकुट असे. तो मुकुट आमच्या घरचा. आजोबांनी केला, मग बाबांनी केला. आमच्या ओसरीवर साहेबाच्या राजाचे मुकुट पापडासारखे वाळत घातलेले असायचे, असं माय थट्टेनं म्हणे.

मुकुट नुसता सपाट भरला तर उठून दिसत नाही. त्याला पोट लागतं. म्हणून आधी आमच्याच शिवारातल्या कापसाचा बोळा दाबून बसवायचा, त्यावर पिवळा दोरा गुंडाळायचा आणि सगळ्यावर तार. वरून सोनं, आत देवळीचा कापूस. लहानपणी मला त्यात काही वाटलं नाही. आता वाटतं.

आणि हे सगळं कुठं, तर वर्ध्यात. जिथं घरोघरी चरखे फिरत होते, जिथं पोरंसोरंसुद्धा खादीची टोपी घालून प्रभातफेरीला जात, तिथं आमचा बाप राजाचा मुकुट भरत बसलेला. शाळेत पोरी मला मुकुटवाल्याची पोट्टी म्हणत. मी घरी येऊन रडले की बाबा म्हणत, "मुकुट राजाचा असंन, टाका तं आपला हाय ना वं." मला ते पटत नसे. रागानं मी त्यांच्या सुईत दोरा ओवून देत नसे दिवसभर. ते कमलला हाक मारायचे.

बाबा एक गोष्ट नेहमी सांगत. एकदा कचेरीच्या मैदानावर दरबार भरला. जिल्ह्यातले मालगुजार जरीचे चोगे घालून आले, आणि देशी जोडा घातलेल्यांना तो बाहेर काढून आत जावं लागलं. बूट घालणाऱ्यांचे बूट पायातच. बाबा आपलं काम पाहायला गेले होते. लिंबाच्या झाडाखाली दोरी बांधली होती, तिच्या बाहेर गर्दी. बाबांना आपला पट्टा एका चपराशाच्या अंगावर दिसला. उन्हात असा पेटला होता म्हणे तो मुकुट. बाबा नीट पाहायला पुढं झाले, तर त्याच चपराशानं काठी आडवी धरून त्यांना ढकललं. "माह्याच पट्ट्यानं मले मागं सारलं," असं सांगून बाबा खोखो हसत. माय हसत नसे. मीही नाही.

मग स्वातंत्र्य आलं, आणि काही दिवसांनी कचेरीचे नाझर, म्हणजे तिथलं सामानसुमान बघणारे बाबू, पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन आले. मुकुट काढा, अशोकस्तंभावरचे सिंह बसवा. मुकुट उसवायला मी बसले. नाजूक कात्री लावून एकेक तार ओढायची, खालून पिवळा दोरा निघायचा आणि त्याच्या खालून कापूस. इतक्या वर्षांनी काढला तरी पांढराच. मला आनंद झाला, का नाही होणार. मी गाणं म्हणत उसवत होते. बाबा समोर बसून तार पुन्हा रिळावर गुंडाळत होते. त्यांच्या तोंडाकडे मी त्या दिवशी पाहिलंच नाही, ते आता डोळ्यांपुढं येतं. तो कापूस मायनं फेकला नाही. वाती वळल्या. कितीतरी दिवस राजाच्या मुकुटातला कापूस आमच्या तुळशीपुढं जळत होता.

सिंहाची मात्र पंचाईत झाली. बाबांनी उभ्या जन्मात सिंह पाहिलेला नव्हता. वाघ पाहिला होता, आर्वीकडच्या जंगलात. पहिला सिंह झाला तो हुबेहूब वाघ, नुसता पट्टे नसलेला. शेजारचे तेली काका म्हणाले, हा तं उपाशी मांजर दिसून राह्यला. बाबांनी तो उसवला. पुन्हा केला. आयाळ मी केली, कारण मला केस वळवायला जमायचं. हळूहळू तोंडं माझ्याकडेच आली. बारीक काम, डोळ्याची खोबण, मिशा, नाकाचं टोक. बाबांना जवळचं धूसर दिसायला लागलं होतं. लालावर सोनं, लालावर सोनं, सगळं आयुष्य तेच पाहिलेलं. डोळे थकणारच.

आता चौथ्या सिंहाचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलेलं आहे. नाझरसाहेबांनी नमुना दाखवताना सहज म्हटलं की खरे सिंह चार आहेत, पाठीला पाठ लावून उभे. समोरून तीन दिसतात, चौथा मागं असतो. झालं. बाबांनी सुई खाली ठेवली.

"म्हंजे चवथा करायचाच नाई?"

"दिसतच नाही तर करायचा कुठं?"

"दिसत नाई, पन हाय ना जी."

नाझरसाहेब हसले, म्हणाले, मास्तर, तीनच करा, चौथ्याची हजेरी कोणी घेत नाही. बाबा मान हलवून हो म्हणाले. आणि मग पट्ट्याच्या आतल्या बाजूला, अस्तराकडून, बरोबर त्या तिघांच्या पाठीमागं चौथा सिंह भरला. साध्या पिवळ्या दोऱ्यानं, कारण तार कोटाला घासून उसवली असती. तो चपराशाच्या छातीशी राहणार, कोणाला दिसणार नाही. एवढी मेहनत कशाला म्हणून माय करवादली. बाबांचं उत्तर ठरलेलं, मुकुट खोटा होता तरी तो पुरा केला, मग हा तर आपला आहे, याला अर्धा कसा ठेवू.

प्रत्येक नव्या पट्ट्यावर मग तेच. समोर तीन, मागं एक. आणि आमच्या घरची रीत अशी की शेवटचा पट्टा घरीच ठेवायचा, पुढचं काम आलं की त्याच्यावरून नमुना उचलायचा.

माझं लग्न झालं, मी नागपूरला गेले. आमचे हे सचिवालयात कारकून. नागपूर काही दूर नाही, काम आलं की मी देवळीला यायची, तोंडं करून द्यायची, परत जायची. मग ते छप्पन साल उजाडलं. विदर्भ मुंबईच्या राज्यात जाणार, राजधानी नागपुरातून उठणार, असं सगळे बोलत होते. कचेरीतून मोठं काम आलं. जानेवारीतल्या झेंडावंदनाला सगळ्या चपराशांना नवे पट्टे. बाबांना तेव्हा सुईचं नाक दिसत नव्हतं.

त्याच वर्षी कमलला वर्ध्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये जागा मिळाली. मास्तरीण होण्याचं शिक्षण, राहणं तिथंच. दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं. तिनं पत्र्याची पेटी धुऊन पुसून ओसरीत उन्हाला ठेवली होती. घरात काम करणाऱ्या डोळ्यांच्या दोनच जोड्या, तिची आणि माझी. दसऱ्याला मी माहेरी आले तेव्हा तिनं विचारलं, बाई, बाबाचं कसं होईन? मी म्हटलं, "तू बिनघोर जाय. झेंडावंदनापावतर मी हाओ."

त्या दसऱ्याची आणखी एक आठवण आहे. आमच्या मागच्या वस्तीतली मंडळी नागपूरला दीक्षा घ्यायला गेली होती. परत आली तेव्हा बाया पांढरी लुगडी, माणसं पांढरे सदरे, सगळा रस्ता पांढरा. त्यातले कितीतरी सदरे बाबांनीच शिवलेले. पूर्वी त्यांचं माप आमच्याकडे हात न लावता, अंदाजानं घेत. लाज सांगायला बसले आहे तर हीही सांगते. बाबा ओट्यावर उभे राहून पाहत होते, खरं तर डोळ्यांपुढून पांढरं पांढरं जाताना त्यांना भासत होतं. म्हणाले, "ना जर, ना किनार. पन कोनी सांगतलं म्हनून नाई घातलं त्याइनं. पाय, कसे चालून राह्यले." त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. दुसऱ्यांच्या हुकुमाचे कपडे शिवण्यात ज्याचा जन्म गेला त्याचा तो आवाज होता.

दिवाळी झाली आणि आमच्या ह्यांचं नाव भोपाळच्या यादीत निघालं. हे देवळीला आले. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, खोटं कशाला बोलू, की तिथं अजून क्वार्टरचा पत्ता नाही, मी पुढं जातो, तू काम आटोपून ये. कितीतरी जणांच्या बायका तशा मागं राहिल्या. मायनं मात्र म्हटलं, "नवऱ्याच्या मांगं जाय, बापाचं काय, बापाचं कामच सरत नाई." ते वाक्य मी पदरात घेतलं आणि त्याच्या आड लपले. खरं एवढंच की मला जायचं होतं. लाल बनातीचा वास, ओसरीवरचा तो एक कोपरा, पाठीची कळ, सगळ्याला कंटाळले होते. आणि भोपाळला म्हणे समुद्राएवढा तलाव आहे.

कमलनं ओसरीतली पेटी उचलून आत नेली, माळ्यावर ठेवली आणि माझ्या जागेवर कारचोबीपुढं येऊन बसली. अर्धा झालेला पट्टा होता, दोन सिंहांना तोंडं होती, तिसऱ्याला नव्हतं. "जाय बाई," म्हणाली, "तुह्या सिंहाइले मी पाह्यते." वर मान केली नाही. मी ते माफ केल्यासारखं समजून घेतलं. सोयीचं तेच माणूस समजतं.

भोपाळचे पहिले दिवस मला गुंगवून गेले. तलाव खरंच मोठा. शेवटी मिळालेलं टेकडीवरचं क्वार्टर, खाली पाणी, संध्याकाळी अजान. शेजारीण पंजाबी, पलीकडे रीवाचे बाबू, आणि आम्ही मराठी मंडळी आपसांत भेटलो की नागपूरच्या संत्र्यांवरून गळे काढायचो. माझ्या तोंडी 'हाव' जाऊन 'जी हाँ' आलं, भाजी जाऊन सब्जी आली. पुढं मुलं झाली ती मला अम्मा म्हणायला लागली. पहिला झेंडावंदनाचा दिवस आला तेव्हा इथल्या मैदानावर मीही गेले. इथल्या चपराशांच्या पट्ट्यांवर सिंह होते, यंत्रावर भरलेले असावेत, चेहरे सगळे एकसारखे. मी एकाच्या मागं मागं चालत गेले, त्याच्या अस्तरात काय आहे ते पाहायला. आमचे हे ओशाळून गेले.

मग एकदा जुन्या शहरात, चौकाच्या मागच्या गल्लीत, एका अर्ध्या उघड्या दारातून मला कारचोब दिसली. तशीच चौकट, तशीच ताणलेली मखमल. तिथं बटवे भरत होते. एक म्हातारी, सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत, तिची सासू बेगमेच्या दरबाराचे कपडे भरायची. मी दारात उभी राहिले ती हलेचना. खालानं आत बोलावलं, सुई हातात दिली. मी एक पान भरलं. तिनं समोरून पाहिलंच नाही, कापड उलटं करून मागची बाजू पाहिली. गाठ कुठं दिसते का, दोरा लोंबतो का. मग म्हणाली, "सामने तो सब सजा लेते हैं बेटी। पीछे से मालूम होता है घर कौन-सा है।"

त्या दिवसापासून मी दुपारी तिच्याकडे जायला लागले. ज्या वासाला कंटाळून पळाले तोच वास घ्यायला. हात चालायचा, मन खायचं. बाबांच्या कारचोबीवर बसायला मला वेळ नव्हता, आणि इथं परक्या घरी, कोणी न बोलावता, मी पाठ मोडेस्तोवर बसत होते.

पुढच्या उन्हाळ्यात माहेरी गेले. बाबांना आता फक्त उजेड आणि अंधार कळत होता. मला पाहून म्हणजे माझा आवाज ऐकून त्यांनी हात पुढं केला, बोटात अंगुस्तान होतंच. पट्टे वेळेवर गेले होते. तोंडं कमलनं केली होती. बाबा तिचं बोट धरून बसायचे, बोटाच्या टोकानं चाचपून सांगायचे, इथं खोबण, इथं उंच. चौथ्याचीसुद्धा केली. झेंडावंदनाला बाबांनी हट्टानं वर्ध्याला नेलं तिला. तिथं तिचा हात धरून ते सरळ एका चपराशापाशी गेले आणि पट्ट्याच्या आत हात घालून चौथा सिंह चाचपू लागले. चपराशाला गुदगुल्या होऊन तो ऐन सलामीत हसला, साहेबानं डोळे वटारले. हे सांगताना माय हसून हसून लाल झाली. बाबा म्हणाले, "ह्या खेपेस नाई ढकललं मले." सगळे हसले. मीही हसले, पण मी तिथं नव्हते. ज्या एका दिवशी त्या माणसाचं आयुष्य सरळ झालं, त्या दिवशी मी भोपाळात परक्या चपराशाच्या मागं फिरत होते.

कमल आत होती. मी गेले तर म्हणाली, "नॉर्मल स्कूलात गेलती मी, फेब्रुवारीत. दुसऱ्या पोरीले दिली म्हने जागा. पुढच्या साली या, म्हने." पुढच्या साली माय आजारी पडणार होती, हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. ती जागा गेली ती गेलीच.

मी म्हटलं, कमे, माझं चुकलं.

ती पोळी लाटत होती. "तुह्यं काय चुकलं? तू सिंहाइले सोडून गेलती. मले काई सोडून नाई गेली, मले तं तू ठेवून गेली. तुह्या जागी."

एवढंच बोलली. पुढं कधीही, एकदाही तिनं हा विषय काढला नाही. पण ते 'ठेवून' माझ्या अंगाला चिकटलं ते आजतागायत.

निघायच्या आधी तिनं रिवाजाप्रमाणे घरी ठेवलेला शेवटचा पट्टा काढून दाखवला. समोर तीन सिंह, तोंडं सुरेख, माझ्याहून बरी. मी पट्टा उलटा केला. चौथा होता. आयाळ होती, छाती होती, पंजे होते. तोंड नव्हतं. तिथं नुसतं लाल.

"हे काऊन व असं?"

"हे तुह्यं हाय," म्हणाली. "बाकी सारे देले करून. हा घरचा हाय. हा तू कर."

मी तिथंच कारचोबीपुढं बसले. सुई घेतली, पिवळा दोरा ओवला. पहिला टाका घालणार, तर तिनं मागून येऊन माझा हात धरला. घट्ट. तिच्या हातालाही आता बाबांसारखे घट्टे पडले होते. मला वाटलं आता बोलेल, सगळं बोलेल. ती म्हणाली, "राहू दे वं. करून टाकशीन तं मंग येशीन कायले?"

मी सुई ठेवली.

त्यानंतर किती उन्हाळे मी देवळीला गेले. बाबा गेले, माय गेली, कमलनं घर वर्ध्याजवळ बोरगाव मेघ्याला हलवलं, तिथं ती ब्लाउज शिवते, पोरींना शिवण शिकवते. मास्तरीण झालीच शेवटी, म्हणते. दर खेपेस पट्टा ट्रंकेतून निघतो. ती उलटा करून माझ्यापुढं धरते, मी पाहते, ती घडी घालून परत ठेवते. आता सुई आम्हां दोघींनाही दिसत नाही.

मला इकडे लोक विचारतात, आपका घर कहाँ है? मी तलावाकडे बोट दाखवते, त्या टेकडीवर. खोटं नाही ते. पण घर म्हटलं की माझ्या मनात येते ती लाल बनातीवरची तेवढी रिकामी जागा, अंगठ्याएवढी. कमल, ह्या उन्हाळ्यात गुडघे धरलेत, तरी येते. पट्टा काढून ठेव. मी काही करणार नाही.